न चिकटवलेली नोटीस

हातात कागद आला की आधी तो उलटा करून मागची बाजू पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवमनकाका गावंडे. लग्नपत्रिका असो, लाइटचं बिल असो, नातवाचा निकाल असो, काका आधी मागून पाहणार, मग खालची सही, मग तारीख, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. "मजकूर कोणीबी लिहिते," म्हणायचे. "सही करताना माणूस घाबरते."

अकोल्याला जठारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावालाच, बाकी फॉर्म भरणं, प्रिंटा काढणं, लोकांचे पासवर्ड लोकांच्या वतीनं विसरणं, ही सगळी कामं. मी माहेरची अमरावतीची, त्यामुळे जीभ जरा तिखट. आणि खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला हा माणूस डोळ्यांसमोर नको होता. दुकानामागच्याच गल्लीत त्यांचं घर. सकाळी शटर वर गेलं की स्वारी हजर. बसायचं नाव नाही. स्टूल पुढे केलं तर त्यावर पिशवी ठेवणार आणि स्वतः काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून काउंटरपर्यंत येरझारा घालणार. पायाला भिंगरी म्हणतात ना, तसं. बघून बघून माझं डोकं गरगरायचं.

गिऱ्हाइकानं पिशवीतून कागद काढायच्या आत यांचा प्रश्न, "कोणाची नोटीस?" बाई बिचारी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलेली. तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

"काका, धंदा बसवता का माझा?" मी ओरडायची.

"इचारलं तं काय झालं वो? नोटीस नसीन तं नाई म्हणीन."

त्यांची सगळी नोकरी कर खात्यात नोटिसा बजावण्यात गेलेली. काही वर्षं अमरावतीला, बाकीची अकोल्याला. आधी सायकल, मग लूना. ज्याच्या नावाची नोटीस त्याच्या हातात द्यायची, पोच म्हणून सही घ्यायची. माणूस घेत नसेल किंवा घर बंद असेल तर दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर दारावर डिंकानं चिकटवायची आणि तसा अहवाल लिहायचा. याला काका 'तामिली' म्हणत. आणि दर दोन दिवसांनी एकदा तरी छातीवर हात ठेवून सांगत, "माह्या हातची एकबी तामिली खोटी ठरली नाई. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण देवमनचा अहवाल म्हणजे दगडावरची रेघ."

त्यांचा एक नेम होता. ज्या घरी नोटीस द्यायची, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. एकदा उन्हाळ्यात जुन्या शहरात एका व्यापाऱ्याकडे गेले. बायको म्हणाली, गावाला गेले. दारात चपला तर ओल्या. काका समोरच्या ओट्याशी उभे राहिले ते अकरापासून तीनपर्यंत. व्यापाऱ्याची म्हातारी आई तांब्या घेऊन आली, म्हणाली, "बाबू, पाणी तं पी." काका म्हणाले, "माय, आज नाई." तीन वाजता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गडी आडवा. तसा तो व्यापारी माडीवरून धावत खाली आला, "अरे पाणी आणा, मरते हा माणूस!" काकांनी एक डोळा उघडला, व्यापाऱ्याचं नाव बापाच्या नावासकट उच्चारलं, वल्द अमुक, आणि पिशवीतून कागद काढला. "इथं सही करा. पाणी शेजाऱ्याकडून आणा."

ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली. दर वेळी ऊन वाढायचं. शेवटी शेवटी तर काका सकाळी आठपासून उभे होते.

पण माणसाचा उपयोग कुठं होईल सांगता येत नाही. गेल्या काही वर्षांत लोकांच्या मोबाईलवर ते फोन यायला लागले. टॅक्सच्या ऑफिसातून बोलतोय, तुमच्या नावावर कर बाकी आहे, तासाभरात भरा नाही तर अटक. लोक मोबाईल घेऊन माझ्याकडे येत, जणू झेरॉक्सवाल्या बाईच्या हातीच वॉरंट रद्द करणं आहे. आणि तिथे काका येरझारा घालतच असायचे.

आमच्या कोपऱ्यावर चंद्रकलाबाई हार विकते. त्यांची शहराबाहेर झेंडूची वाडी आहे. रस्त्यात थोडी जमीन गेली, त्याचे पैसे बँकेत ठेवले, व्याजावर कर कापला गेला. तो परत मिळावा म्हणून तिचा फॉर्म मीच भरला होता. एक दिवस बाई नाचतच आली. मोबाईलवर मेसेज: तुमचा परतावा मंजूर, खाली दाबा, खात्याची माहिती आणि पिन भरा, आजच शेवटचा दिवस. पैसे खरोखरच येणार होते, त्यामुळे मलाही क्षणभर खरं वाटलं. काकांनी मोबाईल हिसकावला, सवयीनं उलटा करून मागून पाहिला, मग हात लांब करून वाचला.

"चंद्रकला, तू हार देतं तवा गिऱ्हाइकाले त्याच्या तिजोरीची चाबी मांगतं का?"

"मी काहून मांगू?"

"मंग याले पैसे द्याचे हायेत, तं तुहा पिन कायले पाहिजे? आन् मले सांग, सरकारले पैसे द्याची घाई कधी झाली व्हती? आजच शेवटचा दिवस म्हणे! चोराले घाई असते, सरकारले नसते. खरी नोटीस मुदत देते बाई. पंधरा दिवस देते, महिना देते. तासाभराची मुदत चोर देते."

बाईनं मेसेज पुसून टाकला. तिचे खरे पैसे पुढे आपोआप खात्यात आले, कुणी पिन विचारला नाही. तेव्हापासून काकांचं नाव झालं. फोन आला की लोक दुकानात पळत येत आणि फोन काकांच्या हातात देत. काका घसा खाकरून सुरू करत, "आपलं पूर्ण नाव? वल्द? हुद्दा? कोणत्या टेबलावरून बोलून राहिले? आवक-जावक कोणाकडे हाये?" समोरचा दोन प्रश्नांत शिव्या देऊन फोन ठेवायचा. काका विजयी मुद्रेनं मोबाईल परत करायचे. मला हसू आवरायचं नाही, आणि मनातल्या मनात मी कबूल करून टाकलं की बाई, हा माणूस आपल्याला आवडायला लागला आहे.

मग वानखडे सरांचं प्रकरण झालं आणि सगळं बिघडलं. सर निवृत्त शिक्षक. त्यांना ई-मेलवर नोटीस आली. काकांनी ऐकून घ्यायच्या आतच हात झटकला. "मेलवर? खोटी. नोटीस पायानं येते सर, तारेतून येत नाई."

मी म्हटलं, "काका, आता मेलवरही येतात. कर खात्याच्या साइटवर जाऊन पाहून घेऊ."

"तू कालची पोट्टी मले नोटीस शिकवतं?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, जाऊ दे, मरा. सर घरी गेले. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी सरांच्या खात्यात साइटवर गेले तर तीच नोटीस तिथं दिसत होती. अस्सल. उत्तराला चार दिवस उरले होते. धावपळ करून उत्तर दिलं, निभावलं. काका दारात उभे राहून सगळं पाहत होते. तीन दिवस दुकानात फिरकले नाहीत. मीच दहादा दाराकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी आले ते नवी वही घेऊन. "शिकव," म्हणाले.

म्हटलं तर चार ओळींचं ज्ञान. मेसेजमधल्या लिंकवर बोट लावायचं नाही. साइटचा पत्ता आपण स्वतः टाइप करायचा, आपल्या खात्यात जायचं. नोटीस खरी असेल तर तिथं दिसते. कागदावर एक क्रमांक असतो, तो साइटवर घालून पाहायचा, सरकारनंच दिला असेल तर सापडतो. काकांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहून घेतलं. पण लिहिता लिहिता थांबले. "म्हणजे कागद नाई, माणूस नाई, दारात कोणी उभं नाई. मंग या माणसाले भेटली का नाई भेटली, याची गवाही कोण देते?"

त्यानंतर त्यांची बेचैनी वाढली. येरझारा आधी दुकानातच होत्या, आता कोपऱ्यापर्यंत जायला लागल्या. आणि एक नवं खूळ. रोज सकाळ-संध्याकाळ मला त्यांच्या स्वतःच्या खात्यात जाऊन पाहायला लावायचे, काही आलं का. पेन्शनवर जगणारा माणूस, त्याला कोण कशाला नोटीस पाठवेल?

एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, काही पाप करून बसले का? एवढी वाट कायची पाहता?"

मी थट्टा केली होती. काका पिशवी उचलून निघून गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी रंगीत प्रिंटांच्या घाईत होते.

तो दिवस मंगळवारचा. दुपारचे बारा. काका आले आणि स्टुलावर बसले. बसले! मी चमकून पाहिलं. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाईल, कॅमेरा बाहेर डोकावत होता. मांडीवर पिशवी, त्यात पासबुक आणि ठेवीच्या पावत्या, कोपरे दिसत होते. चेहरा पांढराफटक.

"काका, चहा सांगू?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मोठ्यानं, कुणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक प्रिंट पाहिजे." कागद त्यांनी आधीच माझ्या दुकानाच्या नंबरवर पाठवला होता. मी काढला. वर राजमुद्रा, खाली दोन शिक्के, मध्ये 'अटक वॉरंट'. नाव नुसतं देवमन गावंडे. बापाचं नाव नाही, पत्ता नाही, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. हा कागद दुसऱ्या कुणी आणला असता तर काकांनी त्याला दुकानात फिरवून फिरवून सोललं असतं. आज त्यांनी तो मागून पाहिलासुद्धा नाही. घडी घालून खिशात ठेवला.

खिशातून बारीक आवाज आला, हिंदीत. बँकेत जा, फोन बंद करू नका, कुणाशी बोलू नका.

खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "काका हे खोटं आहे. फोन बंद करा." आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही असं बाजूनं त्यांच्यापुढे धरलं. काकांनी माझ्या हातातला पेन घेतला. खाली लिहिलं, "खोटं नाही. मी केलं आहे."

आता याला काय म्हणायचं? मला काही समजलं नाही आणि समजून घ्यायला वेळही नव्हता. ते उठायला लागले तसा मी काउंटरवरून हात घालून त्यांच्या खिशातला मोबाईल ओढला आणि बंद करून टाकला.

"काय केलं हे पोरी!" काका ओरडले. "देवमन पळाला म्हणतीन ना थे! जिंदगीभर मी लोकाईले सांगतलं, नोटीस आली का पळू नका. आन् तू मलेच पळपुटा केलं!"

"म्हणू द्या! आधी तो क्रमांक दाखवा. तुम्हीच लिहून घेतलंय ना वहीत? चला, घालून पाहू."

वॉरंटावर एक लांबलचक क्रमांक होता. मी साइट उघडली, क्रमांक घातला. असा कागद आमच्याकडून निघालेला नाही, असं उत्तर आलं. काकांनी पुन्हा घालायला लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि मी घातला. तेच. मग त्यांच्या खात्यात जाऊन पाहिलं. रोजच्यासारखं कोरं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. "मंग याईले कसं समजलं, रजनी?"

"काय समजलं?"

त्यांनी वॉरंटाची घडी पुन्हा खिशात सारली.

"काका, ते काय काय बोलले, शब्द न् शब्द सांगा मला."

मग हळूहळू निघालं. फोन आदल्या दिवशी सकाळी आला. त्यांच्या पत्नी सिंधूकाकू बहिणीकडे गेल्या होत्या, काका एकटेच. पडद्यावर टाय लावलेला साहेब, मागे झेंडा. म्हणाला, तुमच्या नावावर गंभीर प्रकरण आहे. काका नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, मी पण खात्यातलाच माणूस आहे, मला शिकवू नका. तो लगेच म्हणाला, तेच तर! खात्यातले असून असं केलंत? नोकरीतली जुनी फाईल उघडली आहे. आठवा, काय केलं होतं.

"आणि तिवसा?" मी विचारलं, कारण बोलता बोलता काकांनी दोनदा तिवशाचं, अमरावतीकडच्या त्या गावाचं, नाव घेतलं होतं. "तिवसा त्यानं म्हटलं का?"

काका बराच वेळ आठवत राहिले.

"नाई," म्हणाले. "मी म्हटलं."

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. काका तेव्हा अमरावतीला. महिनाअखेर, साहेबांनी सांगितलेलं की सगळ्या नोटिसांचे अहवाल आजच पाहिजेत. तिवशाला पाच नोटिसा होत्या. चार दिल्या. पाचवी पुंडलिक वल्द महादेव राऊत, सरकी-ढेपेचा व्यापारी, घर गावाच्या टोकाला. इकडे काकांच्या घरी पोरगी तापानं फणफणलेली, शेवटची गाडी सुटायला दहा मिनिटं. काका तिकडे गेलेच नाहीत. स्टँडवर बसून अहवाल लिहिला: घर बंद, दोन पंचांसमक्ष दारावर चिकटवली. पंचांची नावं मनानंच घातली. नोटीस पिशवीत राहिली, मग फाडून टाकली. राऊत हजर राहिला नाही, कारण त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. ऑर्डर एकतर्फी झाली. पुढे वसुलीत दुकान गेलं. काकांना ते दोन वर्षांनी कळलं, दुसऱ्या कामाला तिवशाला गेले आणि पाटी बदललेली दिसली तेव्हा.

"फोनवर सगळं सांगून टाकलं मी त्या चोराले," काका म्हणाले. "तीस वर्सं सिंधूले नाई सांगतलं, थे त्याले सांगतलं. आन् खरं सांगू? सांगून बरं वाटलं."

मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि त्या टायवाल्याचं नरडं दाबावंसं वाटलं. सगळं एकदम. पण आधी कामाचं विचारलं. "काल किती पाठवले?" पडताळणीसाठी म्हणून थोडेथोडके नाही, एक अख्खी ठेव मोडून पाठवली होती. आज उरलेल्या मोडायच्या होत्या. मी शटर ओढलं. सरकारच्या सायबर तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथं नोंद केली, काकांना रिक्षात घालून बँकेत नेलं, तिथून ठाण्यात. ते वॉरंट, ते नंबर, पैसे गेले त्याची पावती, काही पुसू दिलं नाही. काकांचा जीव लाजेनं अर्धा झाला होता. ठाण्यात गर्दी, निम्मी ओळखीची. "अरे, देवमनकाकालेच गंडवलं?" कुणीतरी म्हणालंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असंही मागून कुणी पुटपुटलं. वेळेत कळवल्यामुळे बरीचशी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली, काही महिन्यांनी परत मिळाली. थोडी गेली ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर शटरवर कागद चिकटवलेला. काकांचं सुवाच्य अक्षर. "मी देवमन वल्द किसनराव गावंडे. मला फोनवरून फसविले. कसे ते खाली वाचावे." आणि खाली सगळं: व्हिडिओवर कोणी अटक करत नाही, कोणाला सांगू नका म्हणणारा चोर समजावा, फोन ठेवून आपण होऊन साइटवर पाहावे, पैसे गेले तर लाज न धरता त्याच घटकेला तक्रार करावी. लोक उभे राहून वाचत होते, काहींनी फोटो काढले. मी काढायला गेले तर डिंक असा की अर्धा कागद शटरवरच राहिला. पण एक गोष्ट त्या कागदावर नव्हती. चोरानं नेमकं काय म्हटल्यावर देवमन गावंडे घाबरले, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आठवडा गेला. काका यायचे, पण त्या कागदावरून कुणी वाहवा केली की तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "लोक म्हणून राहिले, देवमनकाका इमानदार हायेत, सोताची फजिती सोता लिवली. ऐकवत नाई वो."

"मग?"

"फोन खोटा व्हता, रजनी. बात खरी व्हती."

सिंधूकाकूंना त्यांनी सांगितलं. काकूंनी दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "याईले तिवशाले जाचं हाये. एकटे नोको जाऊ देऊ. मले नाई जमत, माह्यानं तिथं उभं राहावणार नाई." मग मीच गेले. अमरावतीला गाडी बदलली, माहेर दहा मिनिटांवर असून वाकडी वाट केली नाही. गाडीतही काका बसले नाहीत, जागा असून दांडी धरून उभे. मी सांगून सांगून थकले.

राऊतांचं घर विचारत गेलो. साधं टिनाचं घर, पुढे अंगण. बाजेवर म्हातारी बाई बसलेली, सून खाली बसून मूग निवडत होती. काका फाटकाशी थांबले आणि, सवय जाते कुठे, पूर्ण नाव उच्चारलं, "पुंडलिक वल्द महादेव राऊत?"

सून उभी राहिली. "मामाजी वारले. बारा वर्सं झाले. तुमी कोण?"

काकांनी सांगितलं. एका दमात नाही, तीनदा अडखळून. खात्यात होतो. नोटीस होती. मी आलोच नाही. चिकटवली असं लिहिलं. पंच खोटे लिहिले. सून आ वासून ऐकत राहिली. म्हातारी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, तिला ऐकू येत नसावं.

"कोणती नोटीस?" तिनं वर न पाहता विचारलं. "जिच्यापायी दुकान गेलं, थेच?"

"थेच."

"थे म्हणत, मले नाई भेटली." म्हातारीनं आता काकांकडे पाहिलं. "मरेपरत म्हणत. देवावर हात ठेवून म्हणत. माह्या भावाईनं इचारलं, मोठ्या पोरानं इचारलं. मी म्हणो, सरकार काय खोटं लिहिते? तुमीच लपवली, भेवानं. मोठा पोरगा दुकान गेलं तवापासून बापाशी बोलला नाई. माती द्यायले आला तं तोंड पाहिलं नाई त्यानं बापाचं." ती थांबली. "मी त्याईले खोटं समजली हो. माह्या हातचं खाऊन माणूस खोटा म्हणून मेला."

काका म्हणाले, "बाई, मले माफी..."

"माफी मले नका मांगू," तिनं हात वर केला. "लिहून द्या. मोठ्याले पाठवाचं हाये, नागपूरले."

काकांनी पिशवीतून वही काढली, कोरं पान फाडलं, भिंतीला टेकवून लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. खाली सही केली, बापाच्या नावासकट, तारीख घातली, आणि कागद सुनेकडे दिला.

"वाच," म्हातारी म्हणाली.

सुनेनं वाचलं. "'...सदर नोटीस मी बजावली नाही. बजावल्याचा अहवाल खोटा आहे. पुंडलिकराव राऊत यांना नोटीस मिळाली नव्हती. ते खरे बोलत होते.'"

"पुन्हा वाच."

सुनेनं पुन्हा वाचलं. कागदात डोळे घालून, हळू.

"असं नाई," म्हातारी म्हणाली. "मोठ्यानं वाच. घरात तोंड करून वाच."

सून वळली. उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती, भिंतीवर टोपी घातलेल्या माणसाचा फोटो. ती उंबऱ्याशी गेली आणि मोठ्यानं वाचू लागली. म्हातारी बाजेवर ताठ बसून ऐकत होती. आम्हांला कुणी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. काका अंगणात हात जोडून उभे होते.